क्रँककेसमध्ये अडकलेले बेअरिंग हाउसिंग कसे काढावे : जुन्या इंजिनाच्या पुनर्बांधणीतील एक पाठ

या पाठात आपण काय शिकणार

- बेअरिंग हाउसिंग म्हणजे काय आणि ते जागच्या जागी का अडकते, हे समजून घेणे.
- घट्ट बसवणीतला दाब आणि हाउसिंग ओढून काढण्यासाठी लागणारे बल यांचा अंदाज करणे.
- तापीय प्रसरणाचा उपयोग करून ते बल कमी करणे.
- ओढण्याचे साधन कसे लावायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरवणे.

प्रस्तावना

जुन्या मोटारीचे इंजिन उघडताना हमखास अशी एक वेळ येते. सगळे बोल्ट निघालेले असतात, नट-वॉशरचा डबा भरलेला असतो आणि तरीही एक भाग जागचा हलत नाही. बहुतेक वेळा तो भाग म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाचे बेअरिंग हाउसिंग असते. अशा वेळी हात आपोआप हातोडीकडे जातो. या पाठाचा विषय हाच क्षण आहे.

हातोडी उचलण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. या दोन भागांपैकी कोणता भाग पुन्हा मिळू शकतो? हाउसिंग हा गोल, लेथवर होणारा भाग आहे. मोडले तर चांगला टर्नर ते नवे करून देतो. क्रँककेस हे मात्र नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचे ओतकाम आहे. त्याची भिंत तडकली किंवा हाउसिंगचे भोक ओरबाडले गेले, तर वेल्डिंग, पुन्हा बोरिंग, बुश घालणे अशी लांबलचक दुरुस्ती मागे लागते आणि तरीही मूळ अचूकता परत येईल याची खात्री नसते.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी व्यवस्था झाली. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. म्हणून मूळ क्रँककेस वाचवणे हा केवळ हौसेचा भाग राहत नाही.

या पाठाचे मुख्य सूत्र एका वाक्यात सांगता येते : हाउसिंग काढताना वाचवायची वस्तू हाउसिंग नसून ते ज्या भोकात बसले आहे ते भोक आहे. पुढची प्रत्येक पायरी याच सूत्रावरून ठरते.

रचना : ऑस्टिन सेव्हनचे उदाहरण

आजच्या बहुतेक मोटारींच्या इंजिनात क्रँकशाफ्टची मुख्य बेअरिंगे दोन अर्ध्या कवचांची असतात. खालची कॅप सोडली की बेअरिंग उघडे होते आणि शाफ्ट खाली उतरवता येतो. जुन्या काळातील अनेक लहान इंजिनांत अशी कॅप नव्हती. क्रँककेस एकसंध ओतलेला असे, त्याच्या पुढच्या व मागच्या भिंतीत गोल भोके असत आणि शाफ्ट टोकाकडून आत सरकवला जाई.

ऑस्टिन सेव्हन हे याचे प्रसिद्ध उदाहरण. ही छोटी गाडी १९२२ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यातून बाहेर आली आणि १९३९ पर्यंत बनत राहिली. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी तिच्या आराखड्याच्या कामात स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला सोबत घेतले होते. १९२३ पासूनच्या इंजिनाचे बोअर २.२ इंच, स्ट्रोक ३ इंच आणि क्षमता ७४७ घन सेंमी. सिलिंडर ब्लॉक बिडाचा, क्रँककेस ॲल्युमिनियमचा. सुरुवातीच्या इंजिनात क्रँकशाफ्टला फक्त दोन टोकांनाच आधार होता आणि तिथे रोलिंग प्रकारची बेअरिंगे होती. मध्ये तिसरे बेअरिंग आले ते १९३६ मध्ये.

ॲल्युमिनियम मऊ असते. बेअरिंगची कठीण पोलादी बाहेरची रिंग थेट त्यात बसवली तर कालांतराने भोक सैल होते. म्हणून या घाटाच्या इंजिनांत बेअरिंग आणि क्रँककेस यांच्यामध्ये एक मजबूत कडे बसवतात. तेच बेअरिंग हाउसिंग. त्याला बाहेरच्या बाजूस फ्लँज असतो. फ्लँज बोल्टांनी भिंतीला धरलेला असतो आणि त्यामागचा गोल भाग भोकात घट्ट बसलेला असतो.

एकाच नावाच्या इंजिनात वर्षांनुसार फरक असतात. त्यामुळे खालच्या गणितासाठी आपण अशा घाटाचे एक नमुना हाउसिंग धरू. त्याची मापे कोणत्याही एका मॉडेलची नाहीत. हातातल्या इंजिनाची मापे स्वतः घेऊन हेच गणित पुन्हा करायचे आहे.

- हाउसिंग बिडाचे, क्रँककेस ॲल्युमिनियमचा
- बसवणीचा व्यास ८० मिमी, लांबी २५ मिमी
- हाउसिंगचे आतले भोक ६० मिमी
- भोकाभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या जाड भागाचा बाहेरचा व्यास १२० मिमी
- भोकापेक्षा हाउसिंगचा व्यास ०.०४ मिमीने जास्त

हाउसिंग अडकते कशामुळे

कारणे चार. ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण म्हणजे मूळची घट्ट बसवणी, म्हणजेच इंटरफिअरन्स फिट. भोक थोडे लहान आणि हाउसिंग थोडे मोठे ठेवलेले असते. हा दोष नव्हे, ही रचनाच आहे.

दुसरे कारण गंज. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असताना मध्ये ओल शिरली की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. त्यातून तयार होणारी पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. लोखंडाचा तांबडा गंजही फुगतो. फट आधीच बंद असल्याने ही वाढ पाचरीसारखे काम करते. वर्षानुवर्षे दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत हे कारण मोठे असते.

तिसरे कारण चिकट पदार्थ. जुने गॅस्केट सिमेंट, वार्निश झालेले तेल, नंतरच्या कुणी लावलेला सीलंट किंवा रंग.

चौथे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत महागात पडणारे. हाउसिंगला धरून ठेवणारे काहीतरी अजून काढायचे राहिलेले असते. मळाखाली दडलेला ग्रब स्क्रू, आडवी लोकेटिंग पिन, हाउसिंगमधून जाणारी तेलाची नळी, पंचाने ठोकून बसवलेली कड. अशा पिनेच्या विरोधात ओढले तर पिन आधी तुटत नाही; तिच्याभोवतीचे ॲल्युमिनियम फाटते.

किती बल लागेल

जाड भिंतीच्या नळकांड्यांसाठीचे लामे यांचे समीकरण आपण पदार्थबल या विषयात शिकतो. ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक ७० गिगापास्कल व पॉयसन गुणोत्तर ०.३३, बिडासाठी ११० गिगापास्कल व ०.२६ धरून आपल्या नमुन्यावर ते लावले, तर दोन भागांमधला दाब सुमारे ७ मेगापास्कल येतो. म्हणजे प्रत्येक चौरस मिलीमीटरवर ७ न्यूटन.

स्पर्शाचे क्षेत्रफळ = ३.१४ × ८० × २५ = सुमारे ६,२८० चौरस मिमी.

ओढण्याचे बल = घर्षणांक × दाब × क्षेत्रफळ.

घर्षणांक ०.१५ धरला तर बल सुमारे ६,६०० न्यूटन, म्हणजे साधारण ६७० किलो वजनाइतके. गंजामुळे घर्षणांक ०.३ झाला तर ते दुप्पट, सुमारे १३,२०० न्यूटन.

हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण दोन ८ मिमी स्क्रूंवर वाटला तर पहिल्या स्थितीत प्रत्येकी ३,३०० न्यूटन. स्क्रू आवळण्याचा टॉर्क साधारणपणे ०.२ × बल × स्क्रूचा व्यास असा काढतात. तो येतो सुमारे ५ न्यूटन-मीटर. छोट्या पान्याने दोन बोटांनी देता येईल इतकाच! यातून एक व्यवहारी नियम मिळतो. टॉर्क रेंच इथे आवळण्याचे साधन म्हणून न वापरता मापनाचे साधन म्हणून वापरा. अपेक्षित ५ असताना काटा १५ वर गेला आणि हाउसिंग हलले नाही, तर आपल्या गणितात नसलेले काहीतरी आत आहे. थांबा आणि चौथे कारण पुन्हा तपासा.

उष्णतेचे गणित

अनेक विद्यार्थ्यांचा गैरसमज असतो की धातू तापला की चहूबाजूंनी पसरतो, म्हणून त्यातले भोक लहान होत असावे. प्रत्यक्षात भोक मोठेच होते. भोकाच्या जागी त्याच धातूची चकती आहे अशी कल्पना करा. तापल्यावर ती चकती जेवढी वाढेल तेवढेच भोक वाढते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो, ती याच कारणाने.

प्रसरणाचे गुणांक, एका अंश सेल्सिअसला प्रति दशलक्ष भाग, साधारण असे :

- ओतीव ॲल्युमिनियम : २२
- कासे : १८
- पोलाद : १२
- बीड : ११

क्रँककेस आणि हाउसिंग दोन्ही एकत्र तापवले तरी ॲल्युमिनियम दुप्पट वेगाने वाढते. ८० मिमी व्यासावर दर अंशाला फरक पडतो (२२ − ११) × ८० ÷ १०,००,००० = ०.०००८८ मिमी. आपली घट्टी ०.०४ मिमी. ती संपण्यासाठी लागणारी तापमानवाढ = ०.०४ ÷ ०.०००८८ = सुमारे ४५ अंश. खोलीचे तापमान २५° से. असेल तर ७०° से. ला घट्टी शून्य होते. उकळत्या पाण्याच्या तापमानाला, म्हणजे ७५ अंशांच्या वाढीला, ०.०६६ मिमी फरक पडतो आणि उलट ०.०२६ मिमी मोकळीक मिळते.

फक्त २५ अंशांनी तापवले तरी घट्टी ०.०१८ मिमी उरते आणि ६,६०० न्यूटनचे बल सुमारे ३,००० वर येते. बल वाढवण्यापेक्षा तापमान वाढवणे किती स्वस्त आहे, हे इथे दिसते.

आता हाउसिंग काशाचे असेल तर? फरक फक्त (२२ − १८) म्हणजे ४ भागांचा. दर अंशाला ०.०००३२ मिमी. घट्टी संपायला १२५ अंशांची वाढ हवी, म्हणजे १५०° से. उकळते पाणी इथे पुरणार नाही. आणि हाउसिंगही ॲल्युमिनियमचेच असेल तर? दोन्ही भाग सारखेच वाढतात. संपूर्ण वस्तू सारखी तापवून काहीच हाती लागत नाही. तिथे बाहेरचा भाग गरम आणि आतला थंड असा तापमानाचा फरक निर्माण करावा लागतो.

म्हणून शेगडी पेटवण्यापूर्वी हाउसिंगचा धातू ओळखणे आवश्यक. लोहचुंबक लावा. चिकटला तर बीड किंवा पोलाद. न चिकटल्यास कोपऱ्यात थोडे घासून रंग पाहा. पिवळसर-तांबूस असेल तर कासे, पांढरट असेल तर ॲल्युमिनियम.

प्रत्यक्ष क्रम

पायरी १ : सफाई आणि शोध. रॉकेल आणि ब्रशने हाउसिंगभोवतीचा भाग आतून-बाहेरून स्वच्छ करा. बॅटरीच्या उजेडात फ्लँजची कड, बॉसची बाजू आणि क्रँककेसची आतली भिंत पाहा. ज्या भोकात मळ घट्ट बसला आहे ते प्रत्येक भोक टोकदार सळईने मोकळे करा. तिथे स्क्रू असू शकतो. भागांचे जुने छापील चित्र मिळाल्यास शेजारी ठेवा.

पायरी २ : नोंद. छायाचित्र काढा, फ्लँज व क्रँककेसवर जुळती खूण करा. तेलाचे भोक नेमके कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. हाउसिंग कोणत्या दिशेने बाहेर येणार हे निश्चित करा. फ्लँज बाहेर असेल तर ते बाहेरच्याच दिशेने निघते.

पायरी ३ : भेदक तेल. सांध्यावर पातळ भेदक तेल लावून एक-दोन दिवस द्या. मध्ये एकदा भाग कोमट करून पुन्हा तेल लावा. थंड होताना तेल फटीत ओढले जाते. तापवण्यापूर्वी मात्र सगळे तेल, रॉकेल आणि पेट्रोल पुसून काढा.

पायरी ४ : ओढण्याचे साधन. इथे एक तत्त्व लक्षात ठेवा : बलाचा मार्ग आखूड ठेवा. हाउसिंगला जितक्या बलाने ओढतो, तितक्याच बलाने क्रँककेसला कुठेतरी उलट ढकलतो. ते ढकलणे त्याच भोकाभोवतीच्या जाड भागावर पडले पाहिजे. क्रँककेसच्या दूरच्या पातळ कडेवर टेकवले तर मधली सगळी भिंत वाकते.

फ्लँजमध्ये आटे असलेली जादा भोके असतील तर ती बहुधा याच कामासाठी आहेत. त्यांत स्क्रू घालून आवळले की फ्लँज भिंतीपासून उचलला जातो. स्क्रूचे टोक थेट ॲल्युमिनियमवर टेकवू नका. ८ मिमी टोकाखाली ३,३०० न्यूटनला सुमारे ६५ मेगापास्कल दाब येतो आणि मऊ ओतकामात खळगा पडू शकतो. मध्ये २० × २० मिमीची पोलादी पट्टी ठेवली तर तोच दाब सुमारे ८ वर येतो.

आट्यांची जातही तपासा. त्या काळच्या ब्रिटिश इंजिनांत बीएसएफ आणि व्हिटवर्थ आटे सर्रास आढळतात. ५/१६ इंची बीएसएफ बोल्टचा व्यास ७.९४ मिमी आणि पिच १.१५ मिमी. आपल्याकडचा ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा. दोन आटे सहज जातो, मग घट्ट होतो, आणि जोर केला की भोकाचे आटे गेले.

जादा भोके नसतील तर समोरच्या भिंतीच्या भोकातून लांब आटे पाडलेली सळई आत घाला. हाउसिंगच्या आतल्या कडेवर बसेल अशी पोलादी चकती त्या सळईवर चढवा. बाहेरच्या बाजूस हाउसिंगच्या फ्लँजपेक्षा मोठ्या आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा क्रँककेसच्या भिंतीवर टेकवा, त्यावर जाड पट्टी ठेवा आणि नट आवळा. हाउसिंग पाइपच्या पोटात सरळ येते.

पायरी ५ : तापवणे. सर्वांत चांगली भट्टी, कारण तिथे सगळा भाग सारखा तापतो. मोठी भट्टी पावडर कोटिंग करणाऱ्यांकडे असते. तिचे तापमान मात्र आपल्या गरजेइतकेच ठेवायला सांगावे. दुसरा मार्ग म्हणजे भोकाभोवतीच्या भिंतीवर उकळते पाणी सावकाश ओतणे. यात मोठा फायदा असा की तापमान १०० च्या वर जाऊच शकत नाही.

गॅस टॉर्च वापरायची वेळ आली तर ज्योत सतत फिरती ठेवा. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लोखंडासारखे लाल होत नाही, त्यामुळे डोळे फसतात. इन्फ्रारेड तापमापकही चकचकीत ॲल्युमिनियमवर कमी आकडा दाखवतो. मार्करने काळा ठिपका करून त्यावर मोजा. बेअरिंग पुन्हा वापरायचे असेल तर १२०° से. च्या वर जाऊ नका, बेअरिंगच्या पोलादाच्या मापांत आणि कठीणपणात बदल होऊ लागतो. बाकी कामासाठीही १५०° से. ही मर्यादा पाळलेली बरी. जाड कातडी हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि जवळ अग्निशामक हे गृहीत आहे.

पायरी ६ : ओढणे. साधनाला आधीच थोडा ताण द्या, मग तापवा. हाउसिंग अनेकदा हलक्या टकटकीने सुटते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने फ्लँजच्या कडेवर फिरत ठोका द्या. इथे ठोक्याचे काम फक्त कंपन देण्याचे. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा फिरवा. प्रत्येक फेरीनंतर फ्लँजखालची फट चार ठिकाणी फीलर गेजने मोजा.

तिरके होण्याचा धोका

पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो. जितके जास्त ओढावे तितका तो घट्ट होतो. आखूड हाउसिंगचे नेमके हेच होते.

मध्यरेषेपासून काही अंतरावर बल लावले की हाउसिंग कलू पाहते. त्याला भोकाच्या दोन टोकांवरच्या प्रतिक्रिया रोखतात, आणि त्या प्रतिक्रियांमुळे घर्षण वाढते. बलांचा आणि आघूर्णांचा समतोल मांडला तर अडकण्याची अट साधी निघते : बलाचे मध्यरेषेपासूनचे अंतर हे बसवणीची लांबी भागिले घर्षणांकाची दुप्पट यापेक्षा जास्त झाले, की कितीही ओढले तरी हाउसिंग हलत नाही.

आपल्या नमुन्यात लांबी २५ मिमी. घर्षणांक ०.३ असेल तर मर्यादा २५ ÷ ०.६ = सुमारे ४२ मिमी. फ्लँजची बोल्टभोके मात्र मध्यापासून ५० मिमीच्या आसपास असणार. म्हणजे गंजलेल्या हाउसिंगला एकाच बोल्टभोकातून ओढणे हे गणितानेच अशक्य ठरते. फ्लँजच्या एका बाजूला छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणे म्हणजे तेच, आणि वर ॲल्युमिनियमच्या सपाट पृष्ठभागावर कायमचा चर. म्हणून किमान दोन, शक्य तर तीन ठिकाणी समान ओढा. दोन बाजूंच्या फटीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला, तर मागे राहिलेल्या बाजूला आधी बरोबरीला आणा.

तरीही निघाले नाही तर

पहिला उपाय : तापवणे, तेल देणे आणि थंड होऊ देणे हे चक्र पुन्हा करा. दोन-तीन चक्रांनंतर गंजाचा थर बऱ्याचदा भुगा होतो.

दुसरा उपाय : क्रँककेस तापवून हाउसिंगच्या आत कोरडा बर्फ ठेवा. त्याचे तापमान −७८° से. च्या आसपास असते. उघड्या हाताने धरू नका आणि बंद खोलीत वापरू नका. उष्णता लवकर पसरते, म्हणून साधन आधीच ताणात हवे.

तिसरा आणि शेवटचा उपाय : हाउसिंगचा बळी द्या. क्रँककेस बोरिंग मशीनवर नीट मध्यावर धरून हाउसिंग आतून वाढवत न्या. आतला व्यास ६० वरून ७८ मिमी झाला, म्हणजे भिंत १ मिमी उरली, की लामे समीकरणाने दाब ७ वरून १.३ मेगापास्कलपर्यंत उतरतो. उरलेले पातळ कवच आत दुमडून काढता येते. यात हाउसिंग जाते, पण भोक शाबूत राहते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

निघाल्यानंतर

भोक स्वच्छ पुसून आतला व्यास दोन दिशांना आणि दोन खोलींवर मोजा. पांढरी पूड नायलॉनच्या ब्रशने काढा. घासपेपर लावू नका. का, ते गणित सांगते. घट्टी फक्त ०.०४ मिमी आहे आणि दाब घट्टीच्या प्रमाणात असतो. घासण्याने व्यास ०.०२ मिमीने वाढला की दाब निम्मा. इंजिन चालताना ॲल्युमिनियम अधिक पसरते हेही विसरू नका. थंड असताना पुरेशी वाटणारी घट्टी ७०° से. ला संपते, तेव्हा हाउसिंगला जागेवर धरण्याचे काम फ्लँजचे बोल्ट आणि पिन यांच्याकडे येते. म्हणून पुन्हा जोडताना पिन आणि बोल्टांची लॉकिंग व्यवस्था मूळ जागी असलीच पाहिजे.

बसवतानाही हातोडी नको. क्रँककेस तापवा, हाउसिंग थंड ठेवा, खूण जुळवा आणि ते हाताने सरकवा. बोल्ट लावून फ्लँज टेकलेला आहे ना ते पाहा आणि मगच थंड होऊ द्या.

सारांश

अडकलेले हाउसिंग घट्टी, गंज, चिकट थर आणि राहून गेलेली पिन अशा चार कारणांनी अडते. लागणारे बल आधी मोजता येते आणि प्रत्यक्षात ते बरेच ओलांडले गेले तर थांबायचे असते. धातू वेगवेगळे असतील तर माफक उष्णता बलाचे काम करते. ओढणे सरळ, समान आणि भोकाजवळच्या आधारावर असावे. आणि निवड करायची वेळ आली तर हाउसिंग जाऊ द्यावे, क्रँककेस राखावा.

स्वाध्याय

१. वरील नमुन्यात घट्टी ०.०६ मिमी असेल आणि खोलीचे तापमान ३०° से. असेल, तर घट्टी किती तापमानाला संपेल? (उत्तर : सुमारे ९८° से.)

२. बसवणीची लांबी ४० मिमी आणि घर्षणांक ०.३ असताना अडकण्याची मर्यादा काढा. लांब हाउसिंग सरळ काढणे सोपे का, ते स्पष्ट करा. (उत्तर : सुमारे ६७ मिमी)

३. बिडाच्या क्रँककेसमध्ये बिडाचेच हाउसिंग अडकले आहे. संपूर्ण इंजिन भट्टीत तापवण्याचा उपयोग होईल का? दुसरा मार्ग सुचवा.

४. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील कोणतीही एक घट्ट बसवणी निवडा. तिचे धातू व मापे नोंदवून ती सोडवण्यासाठी लागणारे बल आणि तापमान काढा, आणि बलाचा मार्ग दाखवणारी आकृती काढा.